सहावा कप

मळ्यावर येऊन तीन दिवस झाले तरी हत्ती दिसला नव्हता, आणि त्याबद्दल तात्या हत्तींनाच दोष देत होते.

"शिस्त राहिली नाही," बंगल्याच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर बसून ते म्हणाले. "आमच्या वेळी सकाळी सहाला नदीवर यायचे म्हणजे यायचे."

"तुमच्या वेळी हत्तीसुद्धा तुम्हाला भिऊन असतील," माई म्हणाल्या आणि शाल गुंडाळून आत गेल्या.

चाळीस वर्षं तात्या दर हंगामाला या डोंगरात येत होते, आणि एकटेच येत होते. घाऊक चहाचं दुकान त्यांच्या वडिलांनी काढलं, पण दुकानाचं नाव झालं ते तात्यांच्या जिभेनं. एक भुरका मारून ते सांगत, की पत्ती कोणत्या उतारावरची, सावलीतली की उन्हातली, पावसाच्या आधी खुडलेली की नंतर. बाजारात त्यांना 'जीभ' म्हणत. समोर नव्हे, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. चाळीस वर्षांत त्यांनी घरच्या एकाही माणसाला मळा दाखवला नव्हता. "तिथे तुमचं काय काम?" एवढंच उत्तर. आणि या वर्षी जेवताना अचानक जाहीर केलं, की सगळ्यांनी चलायचं. निसर्ग बघायला.

'निसर्ग' हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकून माईंचा डाव पातेल्यातच राहिला होता. घराच्या गच्चीवरच्या कुंड्या "मच्छर होतात" म्हणून खाली फेकायला लावणारा माणूस!

प्रत्येकानं आपापला अर्थ लावला. थोरल्या मुलाला वाटलं, आता तात्या निवृत्ती जाहीर करणार आणि चव बघायचं टेबल आपल्या हवाली करणार. त्याच्या बायकोलाही तेच वाटलं, म्हणून तिनं चपला-बुटांचे पाच जोड बरोबर घेतले. धाकट्याला काहीच वाटलं नाही. त्यानं कॅमेऱ्याची मोठी लेन्स घेतली आणि पक्ष्यांचं पुस्तक घेतलं. तात्यांनी ही सगळी वरात का काढली, ते फक्त धाकट्या सुनेला माहीत होतं.

आठ महिन्यांपूर्वी तात्या तापानं फणफणले होते. ताप उतरला, ते हिंडूफिरू लागले, आणि एका सकाळी स्वयंपाकघरात पेपर वाचत बसले असताना त्यांच्या कोपरापासून हातभर अंतरावर दूध उतू गेलं, करपलं, पातेलं काळं झालं. धाकटी वरच्या मजल्यावरून वास घेत धावत आली, तेव्हा तात्या पान उलटत होते. तिनं पातेल्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. त्यांनी पेपर खाली ठेवला.

"कोणाला सांगितलंस तर बघ," ते म्हणाले.

तिनं कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती 'वही लिहायला' म्हणून दुकानावरच्या खोलीत जाऊ लागली. कपांपुढे आकड्यांच्या चिठ्ठ्या ठेवायचं काम तिचं. चिठ्ठी ठेवताना ती वाकायची, तेवढ्यात वाफ नाकात जायची, तिला तेवढं पुरायचं. मग ती वही घेऊन खिडकीशी उभी राहायची. पेन्सिल कानावर असली तर माल चांगला, वहीवर असली तर बरा, बोटांत आडवी धरली तर नको. रंग तात्यांना दिसायचा, कडूपणा आणि तुरटपणा जिभेला लागायचा. बाकीचं पेन्सिल सांगायची. ही युक्ती तात्यांची. तिला नाक आहे हे कळल्यावर त्यांना आनंद झाला नाही, सोय झाली.

सून एकटीच मळ्यावर नेली असती तर लोकांनी तोंडात बोटं घातली असती. म्हणून निसर्ग.

*

त्या दुपारी मॅनेजर सगळ्यांना जीपमधून पानं खुडणाऱ्या बायकांच्या वस्तीवर घेऊन गेला. डोंगरातल्या या आदिवासी बायका तीन पिढ्या मळ्यावर काम करत होत्या. त्यांच्या आजे-पणजांचं रान तोडूनच मळा झाला होता, असं मॅनेजर म्हणाला आणि घाईघाईनं एका धबधब्याकडे बोट दाखवलं.

वस्तीच्या तोंडाशी मुकादमीण उभी होती. पन्नाशीची, ठेंगणी, पाठीवर रिकामी टोपली. तिनं थोरल्या सुनेच्या पांढऱ्या बुटांकडे पाहिलं.

"यांना म्हणावं, जरा नाचून दाखवा," थोरली मॅनेजरला म्हणाली. "आणि तो पारंपरिक पोशाख असतो ना, तो घाला म्हणावं. फोटो काढायचेत."

"मला तुमची भाषा येते," मुकादमीण म्हणाली. "मालासोबत तुमच्या गोदामापर्यंत जाऊन आलेय मी चारदा."

"मग बरंच झालं. नाचाल?"

"कशासाठी?"

"म्हणजे... असंच. आम्ही आलोय ना!"

"अहो बाई, आम्हालाही नाचायला काही कारण लागतं," मुकादमीण म्हणाली. "आज सकाळपासून पाठ मोडेस्तोवर खुडलंय. तुम्ही नाचा हवं तर. आम्ही बसून बघतो."

मागे बसलेल्या बायका खुदकन हसल्या. त्यांना भाषा कळली नव्हती, सूर कळला होता. धाकटा तोवर झाडावर लेन्स लावून बसला होता. त्याला कोणता तरी निळा पक्षी सापडला होता आणि जगात दुसरं काही चाललंय याची त्याला वार्ता नव्हती.

धाकटी टोपल्यांपाशी गेली. एकीत तळाला थोडी पानं उरली होती. तिनं दोन उचलली, तळव्यावर चुरगळली, नाकाशी नेली.

"ही पाण्याजवळची," ती म्हणाली. "आणि या टोपलीतली वरची. यांना उन्हाचा वास येतोय."

मुकादमिणीनं पहिल्यांदाच कोणाकडे तरी नीट पाहिलं. "ही ओढ्याकाठची, ती माथ्यावरची. तुम्हाला कोणी शिकवलं?"

"कोणी नाही."

"हिला कळतं," मुकादमीण तात्यांकडे वळून म्हणाली, आणि तिथेच ठिणगी पडली. इतक्या वर्षांत त्या बाईनं तात्यांना 'तुम्हाला कळतं' असं एकदाही म्हटलं नव्हतं.

"हिला?" तात्या एवढ्या मोठ्यानं हसले, की धाकट्याचा पक्षी उडाला. "अहो, हिला घरात आमटी आणि फोडणीचं पाणी यातला फरक सांगावा लागतो. बायकांची जीभ मीठ-तिखटापुरती. आणि बोलण्यापुरती. चहाच्या टेबलाशी बाईला वही धरून उभी करतो, तेही अक्षर बरं आहे म्हणून."

थोरली मनापासून हसली. थोरला नुसता हसल्यासारखा झाला. धाकट्यानं लेन्सवरचं धुकं पुसलं.

"खुडायला बायका चालतात," मुकादमीण म्हणाली.

"खुडायला जीभ लागत नाही."

मुकादमिणीनं हे वाक्य मागच्या बायकांना त्यांच्या भाषेत सांगितलं. कोणी हसलं नाही. एक म्हातारी थुंकली, पण ती कदाचित पान खात असेल.

धाकटीनं हातातली पानं टोपलीत परत टाकली. जीपमध्ये ती मागे, माईंच्या शेजारी बसली. माईंनी वाटभर तिच्या तळव्याकडे पाहिलं. तिथे हिरवा डाग पडला होता. त्यांना गेले आठ महिने या सुनेचा राग होता. सासरा आणि सून, रोज सकाळी तासभर दार लावून वर बसतात. नवऱ्यानं चाळीस वर्षांत जी खोली आपल्याला दाखवली नाही, तिथे कालची पोरगी! आणि तरी तिचा असा चारचौघांत पाणउतारा. हे काही जुळत नव्हतं. माई जुळवत राहिल्या.

*

थोरला वयाच्या बाविसाव्या वर्षी दुकानाच्या गल्ल्यामागे उभा राहिला, तो आता सेहेचाळिसाव्या वर्षीही तिथेच उभा होता. टेबल वर होतं आणि टेबलाशी तात्या होते. "तुझं नाक अजून कच्चं आहे," असं ते दरवर्षी सांगत, जणू नाक म्हणजे फणस.

मध्यंतरी गोदामात फिनेलचा कॅन फुटला. सगळे पळाले आणि तात्या त्याच्या बाजूला उभे राहून हिशेबनिसाला झापत राहिले, डोळ्यांची पापणीही न हलवता. थोरल्यानं ते पाहिलं. पण कोडं सुटेना. नाक गेलंय म्हणावं, तर तात्यांची निवड आधीपेक्षा चोख कशी? त्यांनी निवडलेलं हिवाळ्याचं मिश्रण बाजारात असं गाजलं, की समोरच्या दुकानदारानं तीनदा निरोप पाठवून विचारलं, कोणत्या मळ्याचं?

एकदाचा निकाल लावायचा, असं ठरवूनच तो आला होता. सगळ्यांसमोर.

"तुझा साबण दे," त्या संध्याकाळी तो बायकोला म्हणाला.

"तुमचा संपला?"

"अंघोळीला नको. तो भारीतला दे, गुलाबी."

चहाची पत्ती शेजारचा वास ओढून घेते, हे दुकानातल्या पोत्यालासुद्धा माहीत असतं. थोरल्यानं मूठभर पत्ती साबणाच्या वेष्टनात बांधली, वर साबणाचा चुरा पसरला, पुडी रात्रभर कोटाच्या खिशात ठेवली. सकाळी चुरा झटकून पत्ती मॅनेजरच्या हातात दिली. "आठांपैकी एका कपात ही. सहाव्यात."

मॅनेजरनं फार चौकशी केली नाही. तात्या त्याला बारा वर्षं 'अरे टायवाल्या' अशी हाक मारत होते.

*

नाश्त्याच्या वेळी थोरला धाकटीच्या मागून किटली घ्यायला वाकला. तिचा हात जागच्या जागी थांबला. वहिनींचा साबण. तोही अंगाला नाही, कोटाच्या खिशाला. आणि त्या वासाखाली कोरड्या पत्तीचा वास.

तिला सगळं कळायला एक घास पुरला.

तात्या व्हरांड्यात एकटे होते. ती बाहेर गेली.

"तात्या, जरा बोलायचं होतं."

"पेन्सिलीला टोक केलंस?"

"केलंय. काल तुम्ही वस्तीवर जे बोललात..."

"काय बोललो?"

तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते सोंग करत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं. खिडकी लावून घ्यावी आणि विसरावी, तसं ते बोलून विसरले होते.

तिला हेच जास्त लागलं. तरी ती म्हणाली, "बरं, ते जाऊ द्या. आज कपात काहीतरी..."

"हे बघ," तात्यांनी बोट उचललं, "मला चहा शिकवू नकोस. आठ महिने वाफ हुंगलीस म्हणजे तज्ज्ञ झाली नाहीस. कुत्र्यालाही नाक असतं. तू पेन्सिल सांभाळ."

"बरं," ती म्हणाली.

आत वळताना दारात माई उभ्या होत्या. त्यांनी काय आणि किती ऐकलं होतं, ते त्यांच्या तोंडावरून कळत नव्हतं. 'पेन्सिल' मात्र ऐकलं होतं.

*

कारखान्यातली चवीची खोली लांबट आणि थंड होती. एका बाजूला पूर्ण काच, बाहेर राखाडी उजेड. टेबलावर पांढऱ्या फरश्या, त्यावर आठ पांढरे कप, प्रत्येकामागे झाकणाचं भांडं, झाकणावर उपडी केलेली ओली पानं. एक छोटा तराजू, पाच मिनिटांचं घड्याळ. खाली चाकं लावलेली उंच थुंकदाणी. खोलीत स्टूल एकच होतं. त्यावर माईंना बसवलं. बाकीचे भिंतीशी उभे राहिले. थोरली रुमालानं वारा घेत होती, थंडी असून.

धाकटीनं चिठ्ठ्या ठेवल्या. एक, दोन, तीन. तिसऱ्याशी ती क्षणभर जास्त वाकली. चार, पाच. सहाव्या कपातून वाफेबरोबर गुलाबी साबण असा उसळून आला, की तिच्या डोळ्यांत पाणी यायचंच राहिलं. सात, आठ. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली.

तात्यांनी बाह्या सारल्या. चमचा भरला, सुर्र्र करून भुरका ओढला, तोंडात फिरवला, थुंकदाणीत चूळ टाकली. मग मान वर करून खिडकीकडे, म्हणजे जणू उजेडाकडे, पाहिलं. पेन्सिल वहीवर.

"बरा. अंगात जोर नाही. भरतीला चालेल."

दुसरा. पेन्सिल कानावर.

"हा छान आहे. सकाळी धुकं असताना खुडलाय. लिही."

तिसऱ्याला पेन्सिल बोटांत आडवी झाली, आणि तात्यांनी मॅनेजरला असं काही झापलं, की त्यानं टायची गाठ सैल केली. चौथा, पाचवा. थोरल्याचा चेहरा उतरत चालला. म्हातारा चुकत नव्हता. माई कपांकडे पाहतच नव्हत्या. त्या खिडकीकडे पाहत होत्या.

सहावा. तात्यांनी भुरका ओढला, थुंकले, वर पाहिलं.

धाकटीनं पेन्सिल वहीत ठेवली आणि वही मिटली.

ही खूण त्यांच्यात ठरलेली नव्हती. तात्या थांबले. पुन्हा चमचा भरला. रंग आठांत उजवा होता, तांब्यासारखा लखलखीत. जिभेवर हवा तसा तुरट चटका बसला. त्यांनी पुन्हा वर पाहिलं. धाकटी बाहेर धुक्यात वाकलेल्या बायकांकडे पाहत होती.

तात्यांनी चमचा खाली ठेवला. न बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"हा," ते म्हणाले, "हा या मळ्याचा जीव आहे. चाळीस वर्षांत असा कप तीनदा-चारदा आला असेल. काय सुगंध आहे! रानफुलांचा. याला म्हणतात हात. अरे टायवाल्या, हा सगळा लॉट माझा."

मॅनेजरनं खाली पाहिलं. थोरल्यानं श्वास घेतला. चोवीस वर्षांचं वाक्य त्याच्या ओठावर आलं होतं. आणि तेवढ्यात भिंतीशी उभा असलेला धाकटा, ज्याला कोणाचंच काही माहीत नव्हतं, नाक चोळत म्हणाला,

"तात्या, पण मला इथपर्यंत साबणाचा वास येतोय. वहिनीच्या."

सगळ्यांच्या माना सहाव्या कपाकडे वळल्या.

"मूर्ख!" तात्या ओरडले. "साबण म्हणे!"

"साबणच आहे," थोरला म्हणाला. वाक्य भावानं खाल्लं होतं, तरी उरलेलं त्यानं सोडलं नाही. "मी घातलाय. रात्रभर ठेवला होता. तुम्हाला वास येत नाही, तात्या. रानफुलं म्हणालात तुम्ही. सगळ्यांनी ऐकलंय."

"मला सर्दी झालीय."

"कधीपासून?" माईंनी विचारलं. फार शांतपणे.

"परवापासून."

"आठ महिन्यांपासून," धाकटी म्हणाली.

थोरलीचा रुमाल थांबला. "म्हणजे तुला माहीत होतं? आणि तू आमच्यापासून लपवलंस? रोज वर जाऊन काय करत होतात मग दोघं?"

या प्रश्नाचं उत्तर थोरल्याला आपोआप मिळालं, आणि ते त्याला अजिबात आवडलं नाही. तो बायकोकडे न पाहता म्हणाला, "हिवाळ्याचं मिश्रण कोणी लावलं?"

माईंनी उत्तर दिलं. "पेन्सिलीनं. मी बघतेय मघापासून. पेन्सिल कानावर गेली की यांना धुकं दिसतं."

तात्यांचा चेहरा आधी लाल आणि मग करडा झाला. पण थोरल्याला त्यांची दया करायला वेळ नव्हता. तो टेबलापाशी सरकला.

"झालं ते झालं," तो म्हणाला. "आता टेबल मी बघेन. मॅनेजरसाहेब, उरलेल्या सातांतून निवड मी करतो."

"करा ना, भाऊजी," धाकटी म्हणाली.

त्यानं चमचा घेतला. भुरका मोठा ओढला, बापासारखा, ठसका लागला. डोळे पुसले. एक, दोन, तीन, मान हलवत तो सातही कप फिरून आला. मग मॅनेजरच्या चेहऱ्यावर काही लिहिलंय का ते पाहिलं. मग म्हणाला, "तिसरा. तात्यांनी उगाच नाकारला. भरदार आहे."

"तिसरा गेल्या हंगामातला आहे," धाकटी म्हणाली. "नव्यात मिसळलाय. खाली ओल्या गोणीचा वास आहे."

मॅनेजरला छताच्या कोपऱ्यात काहीतरी महत्त्वाचं दिसलं.

"खरं का हो?" माईंनी त्याला विचारलं.

"थोडा... म्हणजे शिल्लक होता थोडा."

माई थोरल्याकडे वळल्या. "तुझं नाक साबणापुरतंच आहे, बाळा."

धाकटी टेबलाशी आली. "दुसरा आणि सातवा घ्या. सातवा ओढ्याकाठचा आहे. तो एकटा विका, कशात मिसळू नका. आणि निवडीच्या कागदावर सही माझी राहील. आज आणि यापुढेही. मी वही धरून उभी राहणार नाही."

"माझ्या टेबलाला बाई बसणार नाही!" तात्यांनी फरशीवर चमचा आपटला. "जे काही आलं तुला, ते माझ्यामुळे. मी शिकवलं."

"तुम्ही मला काही शिकवलं नाहीत, तात्या. तुम्ही मला उभं केलंत, आणि गप्प केलंत."

"बाई आठ महिने टेबलाला आहे," माई म्हणाल्या. "फक्त तिला खुर्ची दिली नव्हती तुम्ही."

"तू मध्ये पडू नकोस. तुला काय कळतं चहातलं?"

"काही नाही. चाळीस वर्षं तुम्ही कळू दिलं नाहीत. पण तुम्ही खोटं बोलताय, हे मला वासाशिवाय कळतं."

धाकटीनं मॅनेजरकडे पाहिलं. "बाजारात बाकीची दुकानंही चव बघणारं माणूस शोधत असतील ना?"

"शोधतात की. तुमच्या समोरचेच गेल्या महिन्यात विचारत होते."

"बाई चालेल त्यांना?"

मॅनेजरनं बारा वर्षांत पहिल्यांदा तात्यांच्या देखत हसून घेतलं. "त्यांना जीभ हवीय. ती कोणाच्या तोंडात आहे, याच्याशी त्यांना काय?"

"हे बरं आहे," थोरली उसळली. "घरच्या सुनेनं समोरच्या दुकानात जायचं! लोक काय म्हणतील? अहो, तुम्ही काहीतरी बोला ना!"

थोरला उभ्या-उभ्या विचार करत होता, आणि त्याचा विचार नेहमी गल्ल्यामागून सुरू होऊन तिथेच संपायचा. समोरचं दुकान. हिवाळ्याचं मिश्रण समोरच्या पाटीखाली. तो चालत बाहेर गेला, शेजारच्या कचेरीतून एक लाकडी खुर्ची उचलून आणली, फडक्यानं पुसली आणि टेबलाशी ठेवली. धाकटीच्या बाजूला.

"बस," तो म्हणाला. सकाळपर्यंत तो तिला नावानंही हाक मारत नव्हता.

धाकटी बसली नाही लगेच. तिनं आपल्या नवऱ्याकडे पाहिलं. तो बावरून कॅमेऱ्याचं झाकण उघडझाप करत होता.

"तुला येतं हे मला सांगितलं का नाहीस?" त्यानं विचारलं.

"तू विचारलं होतंस?"

तो विचार करू लागला. प्रामाणिक माणूस होता, थोड्या वेळानं म्हणाला, "नाही."

ती बसली. मॅनेजरनं कागद पुढे सरकवला. तिनं दोन आणि सात लिहिलं, खाली सही केली. माई उठल्या, तिच्या खांद्यावरून वाकून त्यांनी सातव्या कपातला एक चमचा घेतला, बराच वेळ तोंडात ठेवला आणि गिळून टाकला.

"थुंकायचा असतो," मॅनेजर म्हणाला.

"तुम्ही थुंका," माई म्हणाल्या.

*

सगळे गेल्यावर तात्या खोलीत परत आले. छत्री विसरली, असं त्यांनी बाहेर जीपमध्ये सांगितलं होतं. छत्री त्यांच्या काखेत होती.

जीपमध्ये पुढच्या सीटवर धाकटी बसली होती. ती आपणहून बसली नव्हती. थोरल्यानं दार उघडून धरलं होतं. जो मुलगा जन्मात बापासाठी दार उघडत नाही! आणि थोरली, तीही आता मागच्या सीटवरून गोडगोड बोलत होती, "अगं, तुला कधी कळलं गं, की तुला एवढं कळतं?" सगळी एका दिवसात फिरलेली माणसं. तात्यांना त्यांचा मनापासून तिटकारा आला. चाळीस वर्षं त्यांनी या लोकांना पोसलं होतं, आणि त्यांना हवं होतं फक्त एक नाक. कोणाचंही चाललं असतं.

टेबलावर कप तसेच होते. निवलेले, वर तवंग धरलेले. त्यांनी सहावा उचलला. दाराकडे पाहिलं. मग कप दोन्ही हातांत धरून त्यांनी त्यात नाक घातलं, पार आत, नाकाचं टोक चहात बुडेपर्यंत, आणि छाती भरून श्वास घेतला.

काही नाही. साबण नाही, चहा नाही, कपाची माती नाही. एखाद्या रिकाम्या खोलीचं दार उघडावं तसं. त्यांनी पुन्हा श्वास घेतला. आणखी जोरात.

"तो राहू द्या," मागून आवाज आला.

मुकादमीण दारात उभी होती, हातात कप धुवायची बादली; तेही काम तिच्याकडेच होतं. किती वेळ उभी होती, कोण जाणे. तात्यांनी कप चटकन खाली ठेवला. नाकाच्या शेंड्यावरून चहाचा थेंब ओघळला. त्यांनी तो बाहीनं पुसला.

ती जवळ आली, कप उचलून नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं. "हा दोनदा धुवावा लागेल. घाण वास मारतोय."

"मला सांगतेस?" तात्या म्हणाले.

मुकादमिणीनं त्यांच्याकडे पाहिलं. काल वस्तीवर थोरलीच्या बुटांकडे पाहिलं होतं, तसंच. मग कप बादलीत टाकला आणि दुसरा उचलला.

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. एकदा, मग दुसऱ्यांदा, लांब. तात्यांना तो हात ओळखू आला, थोरला होता. आजवर त्यानं कधी बापासाठी हॉर्न वाजवला नव्हता. त्यांनी छत्री नीट काखेत धरली, कॉलर सारखी केली, आणि कोणाचीच घाई नसल्यासारखे चालत ते मागच्या सीटवर बसायला गेले.